पिनेला लागलेलं पीठ

तुम्ही गेलात त्याला दीड महिना झाला. चौथीनंतर मी चिठ्ठीपलीकडं काही लिहिलं नाही, त्यामुळं अक्षर वाकडं येईल. माझ्या ‘ळ’ला तुम्ही जिलेबी म्हणायचात. म्हणा. पण आज मधे बोलू नका. तुमच्यासमोर माझ्या तोंडातून शब्द निघायला वेळ लागायचा, आणि निघाला की तुम्ही तो अर्ध्यातच ओळखून उत्तर देऊन मोकळे व्हायचात. आज मला वाक्य पुरं करायचं आहे.

तर पहिलं हेच सांगते. तुमच्या गाडीवरचं रस्ता दाखवायचं यंत्र बिघडत नव्हतं. मी बिघडवत होते.

तुम्ही म्हणाल, तुला काय कळतंय त्यातलं? काही कळत नव्हतं. गाडी पुसता पुसता कळलं. हँडलवर यंत्र बसतं तिथं खालून एक जाड वायर येते. तिच्या टोकाला पिन आणि पिनेवर काळी गोल चकती. चकती पुरती फिरवली की पिन घट्ट. उलटा अर्धा आटा दिला की दिसायला घट्ट, पण आतून सैल. दारात यंत्र चालू, फाट्यापर्यंत चालू, खडीचा रस्ता लागला की पिन हलायची, वायरीतला करंट तुटायचा आणि यंत्र आपलं आपण बंद. सकाळी तुम्ही आत बूट घालत असायचात. मी तव्यावर भाकरी टाकून बाहेर यायची, अर्धा आटा द्यायची आणि भाकरी उलटायच्या आत चुलीपाशी परत यायची. एकही भाकरी करपली नाही, म्हणून तुम्हाला कधी संशय आला नाही.

यंत्र घरात आलं तेव्हा माझा त्याच्यावर राग नव्हता. हैदराबादकडं निघालेला एक मोठ्या गाडीवाला अणदूरच्या अलीकडं हायवेवर बंद पडून बसला होता. तुम्ही त्याला मिस्त्री आणून दिलात. जाताना त्यानं ते काढून तुमच्या हातावर ठेवलं. “काका, मध्येच बंद पडतं. मला नको आता, तुम्हाला चाललं तर बघा.” तुम्ही ते रुमालात गुंडाळून आणलंत, कोंबडीचं पिल्लू आणावं तसं. तुम्हाला त्याचा उपयोगही होता. जनावरांच्या दवाखान्यात ड्रेसर म्हणून तुम्ही माळामाळानं मेंढ्यांना लस टोचत फिरायचात. मेंढपाळांची पालं आज या तळ्यावर, तर उद्या त्या खडकावर. तिथं मोबाईलला रेंज नाही. यंत्राला रेंज लागत नव्हती. आणि जिथं उभं राहून बोट दाबाल ती जागा ते नावासकट सांभाळून ठेवायचं.

त्यातली बाई हिंदीत बोलायची आणि तुम्ही तिला “व्हय बाई” म्हणायचात. मी हाक मारली तर तीनदा मारावी लागायची. तिला पहिल्या शब्दाला व्हय. तेव्हा पोटात जरा टोचलं. पण तेवढं मी हसून सोडून दिलं असतं.

तुमच्या मामेभावानं शेतात नवं घर बांधलं आणि आपल्याला जेवायला बोलावलं, तो दिवस आठवा. फाट्यावर बाई म्हणाली, “दाएँ मुड़िए.” तुम्ही डावीकडं वळलात. ती म्हणाली, “वापस मुड़िए.” तुम्ही गाडी थांबवली.

“अगं, आत्ता तूच म्हणलीस की डावीकडं! आता वापस कशाला? येडी हायस का काय?”

मी मागं बसले होते. तुमच्या खांद्यावरून मला पडदा दिसत होता. बाण उजवीकडं होता. मला तिथल्या तिथं कळलं, की तिचं ‘दाएँ’ म्हणजे आपलं उजवं, आणि तुमच्या कानाला ते ‘डावं’ ऐकू येतंय. अगदी ओठांवर आलं होतं. पण तुम्ही तिच्यावर तापलेले, आणि टपरीवरची दोन माणसं आपल्याकडं बघून हसत होती. मी पदर ओढून गप्प बसले. घरी गेल्यावर सांगू म्हटलं. घरी गेल्यावर म्हटलं, उद्या सांगू.

दुसऱ्या दिवशी तुम्ही दवाखान्यातून हसतच आलात. “यंत्रात काय बी बिघाड न्हाय गं, बिघाड माझ्या कानात हाय! दाएँ म्हणजे उजवं. रेवती मॅडमनी एका मिनिटात वळखलं. लई डोकं हाय त्या बाईला.”

मी पातेलं घासत होते. ते जरा जास्त घासलं गेलं, बाकी काही नाही. पण मला आदल्या दिवशीच कळलं होतं, हे तुम्हाला आज सांगते. त्या मॅडमच्या आधी कळलं होतं.

तुमच्या दवाखान्यातली जनावरांची डॉक्टर. लातूरकडून बदलून आलेली, चाळिशीला टेकलेली, क्वार्टरमध्ये एकटी राहणारी बाई. तोंडावर मी मॅडम म्हणते. इथं ‘ती’ म्हणणार आहे, तुम्हाला चालो न चालो.

यंत्र बंद का पडतं तेही तिनंच काढलं. पिनेला गंज चढला होता, तिनं तो खरवडला. मग यंत्र सरळ चालायला लागलं आणि आपल्या घरात जेवताना रोज एक नाव यायला लागलं. मॅडम म्हणल्या, मॅडमनी सांगितलं, मॅडमना विचारतो. पाचव्या दिवशी मी पहिला अर्धा आटा दिला. मला वाटलं, पुन्हा बंद पडलं की तुम्ही वैतागून ते माळ्यावर टाकाल आणि त्याच्याबरोबर ते नावही जाईल.

कुठलं काय! बंद पडलं की तुम्ही थेट तिच्याकडं. आधी फ्यूज बदलला. मग वायर बदलली. मग तिच्या लॅपटॉपला लावून नकाशा नवा केला. मग म्हणे बॅटरीवरून येणारा करंट कमीजास्त होतो, तर तो मोजायला एक गुरुवार गेला. मी जेवढं सैल करायची, तेवढे तुम्ही तिच्यापाशी बसायचात. एखादी शहाणी बाई तिथंच थांबली असती. मीही थांबून बघितलं. एक आठवडा चकतीला हात लावला नाही. गुरुवारी तुम्ही संध्याकाळी उशिरा आलात.

“आज कुठं होतात?”

“मॅडमकडं. यंत्र नीट चालायलंय म्हणून सांगायला गेलतो.”

मग मी शुक्रवारी पुन्हा आटा दिला.

एवढं असूनही एक संध्याकाळ मी जपून ठेवली आहे. मी विचारलं होतं, उपग्रह म्हणजे काय. तुम्ही हसला नाहीत. ताटातली भाकरी उचललीत, ही पृथ्वी म्हणालात, आणि भोवती शेंगदाणे मांडलेत. चार शेंगदाणे एकाच वेळी दिसले की यंत्राला आपण कुठं आहोत ते कळतं.

“आणि एकच दिसत असला तर?”

“मग चुकलंच की!” तुम्ही शेंगदाणा तोंडात टाकलात. “एकाच्या भरवशावर कुणाला बी ठावठिकाणा लागत न्हाय.”

मला तर एकच दिसत होता. पण त्या दिवशी मला त्याचं वाईट वाटलं नाही. चौथी शिकलेल्या बायकोला कुणी आभाळातली गोष्ट भाकरी गार होईस्तोवर समजावून सांगतं का? मी तुमच्याकडं बघत राहिले. तेवढ्यात तुम्ही म्हणालात, “मॅडमनी मला असंच सांगितलं, बिस्किटावर.” आणि झालं. माझी पृथ्वी तिच्या बशीतून आलेली निघाली.

आपलं शेवटचं भांडणही त्याच यंत्रावरून. तुम्ही गाडीला फडकं मारत होतात आणि मी म्हणाले, “एवढं त्रास देतंय तर टाका की काढून.”

“तुझं त्याच्याशी काय वाकडं हाय?”

“माझं काय असणार?”

“न्हाय, सांग एकदा. मला बी कळू दे.”

मी आत गेले. तुम्ही थोडा वेळ दारात उभे होतात. मला तुमची सावली उंबऱ्यावर दिसत होती. त्यानंतर दोनच दिवसांनी तुमच्या छातीत कळ आली. त्या दोन दिवसांत तुम्ही परत विचारलं नाहीत, आणि मी वाट बघत होते, की तुम्ही परत विचाराल.

तेराव्यानंतर ती आली. बसली, पाणी प्यायली, आणि म्हणाली, “वहिनी, भाऊंचं ते यंत्र दवाखान्याला मिळेल का? त्यात सगळ्या पालांच्या जागा आहेत. पावसाच्या आत लस द्यायची आहे आणि नवीन माणसाला माळावरचं काहीच माहीत नाही.”

“ते सुरूच होत नाही,” मी म्हणाले. यंत्र आत गोधडीच्या घडीत होतं.

ती गेल्यावर मी ते बाहेर काढलं. मोबाईलच्या वायरनं चार्ज होतं हे बघितलेलं होतं. कुठं दाबलं की काय उघडतं ते मी चार दुपारी बसून शिकले. तुम्ही ठेवलेल्या जागा सापडल्या. हिंदीची अक्षरं असल्यामुळं मला वाचता आल्या. ‘पाणी गोड’. ‘कुत्री वाईट’. ‘म्हातारी एकटी’. ‘पाल बिरू’. नावं कसली, तुम्हीच बोलत होतात. ‘घर’ होतं. ‘मॅडम क्वार्टर’ होतं. दवाखान्यापासून शंभर पावलांवर क्वार्टर, त्याला यंत्र कशाला लागतं? आणि सगळ्यांत खाली, एकटंच, ‘निवांत’.

कुणाच्या पालाचं नाव निवांत नसतं. मला माळावरचं एखादं झाड दिसायला लागलं आणि झाडाखाली तुम्ही दोघं.

त्याच यंत्रात एक जागा अशी आहे, की तिथं दाबलं तर विचारतं, सगळं मिटवायचं का. म्हणजे पालं, तळी, म्हातारी, सगळंच. मी रोज दुपारी तिथंपर्यंत जायची आणि त्या प्रश्नावर बोट धरून बसायची. दाबलं असतं तर तिला कायमची शिक्षा झाली असती. मेंढ्यांनाही झाली असती, हे मला कळत होतं. तरी बोट मागं घ्यायला रोज जास्त वेळ लागायचा.

गेल्या सोमवारी ती पुन्हा आली. या वेळी मी यंत्र आणि गाडीवरून काढलेली त्याची वायर आणून तिच्यासमोर ठेवली. तिनं ते उलटं केलं, सुट्या वायरची पिन उजेडात धरली आणि हसली.

“अजून पीठ आहे,” ती म्हणाली.

मला कळेना. तिनं पिन माझ्यापुढं धरली. चकतीच्या आट्यात पांढरी रेघ होती. ज्वारीचं पीठ.

“दर वेळी असायचं. गाडीच्या हादऱ्यानं पिन सैल होते वहिनी, पण हादऱ्याच्या बोटांना पीठ नसतं. मला दुसऱ्याच वेळी कळलं होतं.”

जमीन फाटावी आणि मी आत जावं असं मला झालं. “त्यांना सांगितलंत?”

“नाही. भाऊंच्या आधी मी फडक्यानं पुसून घ्यायची.”

“का?”

तिनं पिन खाली ठेवली. “सांगितलं असतं तर यंत्र नीट झालं असतं,” ती म्हणाली. “मग ते खुर्ची टाकून कशाला बसले असते?”

बघा. म्हणजे मी उगाच जळत नव्हते. इतके दिवस मला वाटायचं, माझंच मन वाईट आहे. तिनं एका वाक्यात माझं मन चांगलं करून दिलं, आणि त्याबद्दल मला तिचा आणखी राग आला. फ्यूज, वायर, करंट, सगळं ती माहीत असून करत होती. आम्ही दोघींनी मिळून तुम्हाला बनवलं, तुमच्या पाठीमागं, एकमेकींना न सांगता.

मग मला बळ आलं. मी यादी उघडली, ‘निवांत’वर बोट ठेवलं आणि विचारलं, “हे कुठं आहे, मॅडम?”

तिनं वाचलं. तिचा चेहरा मी नीट बघितला. ती खोटं बोलत नव्हती. “मला माहीत नाही,” ती म्हणाली. मग तिचा आवाज बदलला. “मला वाटलं, तुम्हाला माहीत असेल.”

तिलाही टोचलं होतं. मला ते टोचणं ओळखता येतं.

“मी यंत्र देते,” मी म्हणाले. “पण आधी मला इथं न्या.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिच्या स्कूटीवर मागं बसले. गावातली माणसं बघत होती. दीड महिना झाला नाही आणि बाई बाहेर निघाली, हे त्यांच्या तोंडावर लिहिलेलं दिसत होतं. मी मान वर करून बसले, आयुष्यात पहिल्यांदा. यंत्र माझ्या मांडीवर होतं. यंत्रातली बाई सांगत होती आणि ती पुढं ऐकून वळत होती. एकदाही बंद पडलं नाही. मी पडद्याकडं बघितलंच नाही. मी रस्ता बघत होते. पडकी विहीर, मग दोन बोरी, मग तारेचं कुंपण संपतं तिथून चढ.

माळाच्या टोकाला एकच लिंब आहे. बाई म्हणाली, आप पहुँच गए हैं. तिथं कुणी नव्हतं. खाली कुसळाचं गवत आणि सावलीत एक दगड, एका माणसापुरता, बसून बसून गुळगुळीत झालेला. आम्ही दोघी त्याच्याभोवती फिरलो, चोर शोधावा तशा. दगडाच्या मागं खोबणीत प्लॅस्टिकच्या पिशवीत एक डबी होती. तिच्यात बिडीचं बंडल, काडेपेटी आणि बडीशेपेची पुडी.

“नागनाथ!” ती म्हणाली. “अरे नागनाथ... मला म्हणाला होता, वर्ष झालं सोडून.”

भाऊ नाही, राव नाही. तुमचं नाव मी लग्नात उखाण्यात घेतलं, त्यानंतर एकदाही नाही, आणि ही माळावर उभी राहून तुम्हाला अरेतुरे करत होती. मी म्हणाले, “मला खंडोबाचा भंडारा उचलून सांगितलं होतं.”

“डॉक्टरनी छातीचं सांगितल्यापासून मी रोज विचारायची. तोंडाचा वास आला नाही कधी.”

“बडीशेप,” मी म्हणाले. “मला वाटायचं, पचनाला खातात.”

“मला वाटायचं, माझ्याकडं येताना खातात.”

हे ऐकून मी हसले. तीही हसली. मग ती रडायला लागली. मी रडले नाही, कारण ती रडत होती. दगड रिकामा होता, पण त्यावर ना ती बसली ना मी.

तुम्हाला सांगू? दुसरी बाई निघाली असती तर बरं झालं असतं. तिच्याशी मला भांडता आलं असतं, केस धरता आले असते. हिच्याशी तर मी मनातल्या मनात वर्षभर भांडले. पण तुम्ही जिथं ‘निवांत’ लिहिलंत तिथं ही नव्हती, मी नव्हते, यंत्रातली बाईसुद्धा बंद करून ठेवत असाल. त्या दगडाशी मी कशी भांडू? घरात मी तुम्हाला एवढी कुठं बोलत होते? की मी न बोलता बघत राहायची, तेच जड व्हायचं? बिड्यांनी तुम्हाला नेलं असेल तर त्या डबीवर मी राग धरायला पाहिजे. पण मला हेवा वाटला. त्या डबीला तुमची बोटं रोज लागत होती.

डबी होती तशी खोबणीत ठेवली. ती म्हणाली, “फेकून देऊ?” मी नको म्हणाले. ते मी ठरवणार होते, ती नाही.

परत येताना ती म्हणाली, “मी तर नुसतं ऐकत आले. पुन्हा यायचं म्हटलं तर मला सापडायचं नाही.”

दारात उतरल्यावर मी तिला चहाला बसवलं आणि वायर आणायला म्हणून यंत्र आत घेऊन गेले. पिन पदरानं पुसली, आट्यातलं पीठ सुईनं काढलं. मग यादी उघडली. ‘पाणी गोड’ ठेवलं. ‘म्हातारी एकटी’ ठेवलं. तिचं क्वार्टरही ठेवलं, ते तुम्ही लिहिलं होतं. ‘निवांत’वर बोट दाबून धरलं. यंत्रानं विचारलं, मिटवायचं का. या वेळी मला वेळ लागला नाही.

यंत्र तिच्या हातात दिलं. ती म्हणाली, “वहिनी, तुमचे उपकार झाले,” आणि मी म्हणाले, “लस वेळेवर द्या.” एवढंच बोलले, पण तिच्या डोळ्यांत बघून बोलले.

आता त्या दगडापाशी कुणी येणार नाही. मीही येणार नाही, बसा निवांत. पण विहीर, दोन बोरी, कुंपण संपतं तिथून चढ. वाट मला पाठ आहे, आणि मला एकटीलाच.